दांडा, क्लच आणि अठ्ठेचाळीस वळणं

गुरुवार : मानहाइम – लाडेनबुर्ग – फोर्त्सहाइम

गाडी गिअरचीच घ्यायची, एवढी एकच अट मी घातली होती. बाकी सगळा बेत भाचीचा. ती स्टुटगार्टजवळ विजेवरच्या गाड्यांच्या मोटरवर काम करते. त्यामुळे अट ऐकून तिनं टाकलेला सुस्कारा मला फोनवरसुद्धा नीट ऐकू आला. पण मार्ग तिनं मोठ्या हौसेनं आखला. जर्मनीतल्या मानहाइमहून निघायचं, स्टुटगार्ट करायचं, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठानं ऑस्ट्रियात शिरायचं आणि पलीकडे इटलीतला स्टेल्व्हिओ घाट चढायचा. वाटेत जवळजवळ रोज गिअरच्या इतिहासातलं काही ना काही भेटेल अशी सोयही तिनं करून ठेवली होती.

मिळाली ती फोक्सवागन पोलो. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, पाच गिअर आणि दोन सीटच्या मध्ये हातानं ओढायचा हँडब्रेक. ब्रेकच्या जागी बटण नाही हे पाहूनच माझं निम्मं काम झालं.

इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गिअरचा दांडा उजव्या हाताखाली. पायांना नवीन काही शिकावं लागत नाही. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा क्रम जगभर तोच. घोळ हाताचा होतो. गिअरचा नकाशाही तोच असतो, पहिला डावीकडे वर आणि दुसरा त्याच्या खाली, पण आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसलेलो असतो. आपल्याकडे पहिला गिअर ड्रायव्हरपासून लांब आणि पाचवा मांडीजवळ. इथे पहिला गुडघ्याला लागतो आणि पाचवा शेजारच्याच्या हद्दीत. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मनगटाला दांडा स्वतःकडे घेत पुढे न्यायची सवय. इथे तो बाहेर लोटत पुढे न्यायचा. रिव्हर्ससाठी दांडा आधी खाली दाबायचा आणि मग पहिल्याच्याही डावीकडे न्यायचा. गाडीतळावरच दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून मी नुसता दांडा फिरवत बसलो. भाची मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग करत होती.

मानहाइमपासून सुरुवात करण्याला कारण होतं. कार्ल बेंझनं तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी, याच गावातून. पण गाडी खरोखर रस्त्यावर चालते हे जगाला दाखवलं त्याच्या बायकोनं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता गाडी काढून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभरएक किलोमीटरचं अंतर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा डाग काढायचा द्राव विकत घेतला. इंधनाची नळी तुंबली ती हॅटच्या पिननं मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की मात्र इलाज नव्हता. गाडीत दोन-अडीच अश्वशक्ती, त्यामुळे उतरून ढकलायचं. घरी परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी एक जास्तीचा गिअर हवा, आणि त्यानं तो बसवला, असं बेंझ घराण्याच्या इतिहासात सांगतात.

हा मार्ग २००८ पासून बेर्टा बेंझच्या नावानं अधिकृत स्मृतिमार्ग आहे आणि वाटेत पाट्या लावलेल्या आहेत. लाडेनबुर्गला बेंझ बाप-लेकांच्या जुन्या कारखान्यातलं संग्रहालय पाहिलं. कार्ल बेंझचा शेवटचा काळ याच गावात गेला, १९२९ मध्ये तो इथेच वारला. हायडेलबर्ग गर्दीमुळे लांबूनच. वीसलोखला ते औषधाचं दुकान अजून आहे आणि जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून त्याचा मान आहे. ब्रुखझाल मागे पडलं की पुढे हळूहळू टेकड्या सुरू होतात. चढ म्हणावेत असे ते नाहीतच. पोलो चौथ्यावर कुरकुरायला लागली तेव्हा तिसरा टाकला, झालं. पण ढकलणारी पोरं डोळ्यांपुढे होती म्हणून मी भाचीला म्हटलं, "बघ, गिअर ही चैन नव्हती. ती ढकलण्यातून सुटका होती."

"मी तेच तर म्हणते, मामा," ती म्हणाली. "इंजिनाला सगळीकडे सारखं ओढता येत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागला. माझी मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते आणि मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत जाते. तिला एकच गिअर पुरतो. तुझं प्रेम आहे ते इंजिनाच्या उणिवेवरच्या ठिगळावर."

तिचं म्हणणं बरोबर आहे. मुक्कामाला पोचेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

शुक्रवार : स्टुटगार्ट

सकाळी महामार्गावर वाहनं एकमेकांना चिकटून उभी. पहिला, दुसरा, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. जो माणूस अशा रांगेतही मला गिअरची गाडीच आवडते म्हणतो तो खोटं बोलतो किंवा त्याला दुसऱ्या कुणीतरी चालवत नेलेलं असतं. अर्ध्या तासात डाव्या पोटरीत गोळा आला. गाड्या विकत घेणारे लोक ऑटोमॅटिककडे वळले ते मुख्यतः या रांगेमुळेच, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तर आता नव्या गाड्यांमध्ये गिअरच्या गाड्या शेकड्यात एखाद-दुसरी.

रांगेत उभं असताना भाचीच्या लायसन्सचा विषय निघाला. जर्मनीत ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर पूर्वी लायसन्सवर तशी नोंद व्हायची आणि गिअरची गाडी चालवायला बंदी असायची. एप्रिल २०२१ पासून मधला मार्ग निघाला. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण शाळेत गिअरच्या गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा तास घ्या आणि शिक्षकापुढे पंधरा मिनिटं चालवून दाखवा. मग दोन्ही चालवायची मुभा. हिनं तेच केलं होतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं हिला गिअर येतो. पायांच्या दृष्टीनं येतो का, ते बघायचं अजून बाकी होतं.

त्सुफनहाउझेनमधल्या पोर्शच्या संग्रहालयात मला बघायची होती ती ९१७. याच गाडीनं १९७० मध्ये पोर्शला ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीतला पहिला सर्वंकष विजय मिळवून दिला. लोक तिच्या रंगांचे फोटो काढतात. मी आत वाकून गिअरचा दांडा पाहिला. त्याची मूठ लाकडाची, तीही बाल्सा लाकडाची, कारण वजन वाचवायचं होतं. पाचशेच्या वर अश्वशक्तीचं बारा सिलिंडरचं इंजिन आणि ड्रायव्हरच्या तळहातात मुलांच्या खेळण्यातल्या विमानाचं लाकूड. पुढे कॅरेरा जीटी या रस्त्यावरच्या गाडीला पोर्शनं मुद्दाम लाकडी मूठ दिली ती या आठवणीसाठी.

इथली दुसरी गोष्ट काचेच्या कपाटात ठेवता येणार नाही अशी. २०१३ मध्ये पोर्शनं नवी ९११ जीटी३ आणली ती फक्त दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह. हिशेब सरळ होता : यंत्र माणसापेक्षा लवकर गिअर बदलतं, शर्यतीच्या ट्रॅकवर वेळ वाचतो, मग दांडा हवा कशाला? वेळ खरंच वाचत होता. पण जी माणसं अशा गाड्या घेतात त्यांनी ओरड केली. २०१६ मध्ये कंपनीनं ९११ आर काढली, फक्त सहा गिअरच्या दांड्याची, मोजून ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि पुढे मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी जीटी३ मध्ये दांडा परत आला. टोयोटाच्या सुप्राचंही तसंच झालं. २०१९ मध्ये ती ऑटोमॅटिकच आली आणि २०२२ मध्ये तिला तिसरं पेडल द्यावं लागलं.

भाचीनं यावर आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं, आणि ते तिच्याच विरुद्ध जात होतं. ह्युंदाईची आयॉनिक ५ एन ही विजेवरची गाडी, गिअर बदलायचं तिला काही कारणच नाही. तरी तिच्यात एक सोय आहे : चालू केली की गाडी आठ गिअर असल्याचं नाटक करते. बदलताना झटका देते, गिअर वेळेवर वाढवला नाही तर जोर तोडते, स्पीकरमधून इंजिनाचा आवाजही काढते.

"म्हणजे नसलेली उणीव मुद्दाम घातली," मी म्हणालो.

"घातली. आणि ऑफिसातले लोक ते चालू करून हिंडतात," ती म्हणाली. "मला सांगायचं नव्हतं तुला."

शनिवार : फ्रीडरिश्सहाफेन

कॉन्स्टन्स सरोवराच्या काठचं हे गाव त्सेपेलिनच्या विमाननौकांचं, म्हणजे वायू भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजांचं. बंदरावरच्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांचं संग्रहालय आहे आणि सगळे पर्यटक तिकडेच जातात. आम्हीही गेलो, पण माझं लक्ष बाजूच्या एका धाग्यावर होतं. विमाननौकेच्या इंजिनाचा जोर पंख्यांपर्यंत न्यायला चांगली दातेरी चक्रं लागत. ती करणारा कारखाना १९१५ मध्ये इथे उभा राहिला, तो आजचा झेडएफ. विमाननौका गेल्या, चक्रं राहिली. जगभरच्या कितीतरी गाड्यांच्या पोटात या गावच्या कंपनीचा गिअरबॉक्स आहे. २००९ पासून निघत असलेला त्यांचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक इतका चांगला निघाला की दांड्याच्या बाजूनं बोलायला फारसं काही उरलंच नाही. पूर्वी गिअरची गाडी पेट्रोल कमी पिते हा मुद्दा तरी असायचा, तोही गेला. आणि ९११ साठी सात गिअरचा दांड्याचा गिअरबॉक्स बनवायलाही पोर्श २०११ मध्ये याच कंपनीकडे आली होती.

बंदराच्या कट्ट्यावर भाचीनं मला गिअरबॉक्स आतून कसा असतो ते बोटांनी समजावलं. मी इतकी वर्षं समजत होतो की दांडा हलवला की चक्रं एकमेकांत अडकतात. तसं नसतं. पुढे जाणाऱ्या गिअरांची चक्रं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात आणि फिरत असतात. फक्त ती आतल्या दंडावर, म्हणजे शाफ्टवर, मोकळी असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा एक बाही सरकते आणि त्यातलं एक चक्र दंडाला जखडते. पण बाही आणि चक्र वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात, म्हणून मध्ये पितळेसारख्या धातूची एक कडी असते. ती चक्राच्या उतरत्या कडेवर घासते, दोघांची गती एक करते, आणि तोवर बाहीला पुढे जाऊ देत नाही. गती जुळली की वाट मोकळी.

"दांडा जाता जाता मध्येच किंचित थांबतो ना, मामा? ती कडी घासत असते तेव्हा."

तो थांबा मला माहीत होता. हाताला रोज लागतो, आपण त्याला नाव ठेवलेलं नसतं इतकंच. इंजिन गार असताना तो थांबा लांबतो, घाईनं दांडा रेटला तर नाराजी कळते, आणि गती आधीच जुळवून आणली तर थांबा लागतच नाही, दांडा आपोआप आत ओढल्यासारखा जातो. ही कडीची सोय पहिल्यांदा कॅडिलॅकनं १९२८ मध्ये आणली. त्याआधीचे ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून, इंजिन रेस करून, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकत. चुकलं तर आख्ख्या गल्लीला कळे इतका खडखडाट. स्वयंचलित गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये मोठ्या प्रमाणावर आला, म्हणजे दांडा सोपा झाल्यावर जेमतेम बारा वर्षांत. दांड्याचा मृत्युलेख तेव्हापासून लिहिला जातोय.

रविवार : आर्लबर्ग – रेशेन – प्राड

आर्लबर्गखालून १९७८ पासून चौदा किलोमीटरचा बोगदा आहे. आम्ही तो सोडून वरच्या जुन्या रस्त्यानं, १७९३ मीटरवरच्या खिंडीतून गेलो. ट्रक सगळे बोगद्यात, त्यामुळे रस्ता मोकळा होता आणि मी भाचीला चाकावर बसवलं.

पहिली दहा मिनिटं ती चुकत नव्हती, पण उशीर करत होती. चढ लागायचा, गाडी धापा टाकायला लागायची, मग ती गिअर उतरवायची. तोवर वेग गेलेला, टर्बोचा दम गेलेला, आणि तिसऱ्याऐवजी दुसरा लागायचा. ऑटोमॅटिकवर शिकलेल्या माणसाची ही खूण. तिथे गाडी आधी अडखळते आणि मग गिअरबॉक्स निस्तरतो, ड्रायव्हरला फक्त पाय खाली दाबायचा असतो. मी म्हटलं, "गाडी मागेल तेव्हा देऊ नकोस. वळणापलीकडे रस्ता वर जाताना दिसतोय ना? आत्ताच टाक तिसरा, गाडी पळतेय तोवर." तिनं टाकला. इंजिनाचा आवाज चढला आणि चढ आला तेव्हा पोलो त्याच वेगात वर गेली. भाची काही बोलली नाही, पण पुढच्या चढाला तिची नजर बॉनेटवरून उठून लांब गेली. मला एवढंच हवं होतं.

रेशेनच्या खिंडीतून इटलीत उतरलो. पलीकडच्या सरोवरात एका बुडालेल्या गावच्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव. तिथे थांबलेल्या गाड्यांची ही गर्दी, आम्ही चालत्या गाडीतूनच पाहिलं. मुक्काम प्राडला, घाटाच्या पायथ्याशी.

सोमवार : स्टेल्व्हिओ

सोमवार मुद्दाम निवडला होता. शनिवार-रविवारी हा घाट मोटारसायकलवाल्यांचा असतो. सप्टेंबरातली सकाळ, रस्ता कोरडा, आणि सातच्या आधी निघाल्यामुळे पुढे फक्त सायकलवाले.

हा रस्ता १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानं कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतला. तेव्हा मोटार नव्हती. घोड्यांनी ओढलेल्या गाड्या चढाव्यात म्हणून रस्त्याचा चढ बेताचा ठेवला, आणि बेताचा चढ ठेवायचा तर वळणं वाढवावी लागतात. प्राडच्या बाजूनं ती अठ्ठेचाळीस आहेत. प्रत्येकाला क्रमांकाचा दगड, आणि क्रमांक उलटे : खाली अठ्ठेचाळीस, माथ्यावर एक. प्राड नऊशे मीटरच्या जरा वर, खिंड २७५७ मीटरवर. म्हणजे पंचविसेक किलोमीटरात अठराशे मीटरहून अधिक चढायचं.

ट्राफॉय गावापर्यंत जंगल आहे आणि वळणं सुटी सुटी येतात. दुसरा, तिसरा, दुसरा. खरं काम झाडी संपली की सुरू होतं. डावीकडे ओर्टलरचा ३९०५ मीटरचा बर्फाचा डोंगर आणि समोरच्या भिंतीवर रस्त्याच्या घड्या एकावर एक रचलेल्या. वर रांगत असलेली एखादी गाडी दिसते आणि आपल्याला तिथे जायचंय हे पटत नाही.

इथे एक गोष्ट कळली जी नकाशावर कळत नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं असल्यानं डावीकडची वळणं आपल्याला बाहेरच्या कडेनं मिळतात, मोठा फेरा घेऊन. ती दुसऱ्या गिअरवर सुखानं होतात. उजवीकडची वळणं मात्र आतल्या कडेनं, जवळजवळ जागच्या जागी. तिथे वेग ताशी पंधराच्या आसपास उतरतो. या गाडीचं इंजिन सोळाशे फेऱ्यांच्या खाली रुसलेलं असतं. दुसऱ्यावर तिथे अकराशे भरतात आणि गाडी थरथरते, पाय कितीही दाबा. पहिला टाकला तर दोन हजार होतात आणि गाडी वर उसळते. म्हणजे उजवं वळण आलं की पहिला.

पण पहिला टाकायचा कधी? वळणात शिरल्यावर नाही. तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, आणि क्लच दाबला की गाडी चढावर मोकळी सुटते. वळणाच्या अलीकडे, सरळ रस्ता असतानाच ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटरला जरासा धक्का देऊन इंजिन वर, पहिला, क्लच सोडला, आणि मग वळवायला सुरुवात. हे सगळं करण्याआधी मान वर करून पुढचा मजला बघून ठेवायचा, कारण वरून बस येत असेल तर ती वळताना आपलीही बाजू घेणार. एकदा पहिल्यावर वळायला निघालो आणि मध्येच थांबावं लागलं की क्लचप्लेट जळायला सुरुवात. आमच्या पुढच्या एका मोठ्या भाड्याच्या गाडीनं ते केलं. हाफ क्लचवर ती इतका वेळ टांगून राहिली की काचा बंद असूनही जळका वास आत आला. तिसाव्या क्रमांकाच्या पुढे कुठेतरी तिच्या ड्रायव्हरनं ती कडेला घेतली आणि बॉनेट उघडून उभा राहिला. उघडून बघण्यासारखं तिथे काही नसतं.

दहा-बारा वळणांनंतर हात आपलं आपण करायला लागले. उजवं आलं की पहिला, सरळ लागलं की दुसरा, डावं आलं की दुसराच राहू दे. मध्ये एखादी लांब घडी मिळाली तर तिसरा मिळायचा, तीनेक सेकंदांपुरता. मी स्वतःला विचारत होतो की यात मजा नेमकी कशाची आहे, कारण भाचीचा ठिगळाचा मुद्दा अजून डोक्यात होता. वेगाची तर नाही. ताशी चाळीसच्या वर आम्ही क्वचितच गेलो. गाडीवर हुकमत आहे याचीही नाही, कारण आधुनिक ऑटोमॅटिक तेच काम माझ्यापेक्षा सफाईनं करतो. मला वाटतं, मजा पैज लावण्याची आहे. प्रत्येक गिअर म्हणजे पुढच्या पन्नास मीटरांबद्दल लावलेला अंदाज. वळण किती बंद आहे, चढ किती, समोरचा सायकलवाला कडेला राहील की डुलेल. अंदाज बरोबर निघाला की गाडी पाठीला हलकेच ढकलते, चुकला की थरथरून सांगते. निकाल दोन सेकंदांत लागतो आणि लगेच पुढची पैज. इंजिन सगळीकडे सारखंच ओढत असतं तर पैज लावायला काही उरलंच नसतं.

माथ्यावर वारा सुटला होता आणि सायकलवाले खिंडीच्या पाटीखाली फोटोसाठी रांग लावून होते. मी माझा पैजेचा सिद्धांत भाचीला ऐकवला. तिनं नीट ऐकून घेतला आणि मग शांतपणे सांगितलं की २०१३ च्या रोल्स-रॉइस रेथमध्ये गिअरबॉक्स उपग्रहाला विचारतो. पुढे वळण आहे की चढ, हे नकाशावरून आधीच कळतं आणि गाडी त्याप्रमाणे गिअर धरून ठेवते.

"म्हणजे अंदाजही यंत्राचा," ती म्हणाली. "तुझ्याकडे काय राहिलं?"

"हरण्याची शक्यता," मी म्हणालो. तिला ते उत्तर फारसं पटलं नाही, आणि सहा अंश तापमानात उभं राहून वाद घालायला दोघंही तयार नव्हतो.

बोर्मिओकडचा उतार तिनं चालवला. चढावर चुकलं तर गाडी बंद पडते, एवढंच. उतारावर चुकणं महागात पडतं, म्हणून सांगण्यासारखं जे होतं ते मी आधीच सांगून टाकलं : ज्या गिअरवर हा घाट चढली असतीस त्याच गिअरवर उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारी गाडी हळूहळू ब्रेक तापवते आणि गरम ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. दुसऱ्यावर सोडली की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. यात पेट्रोलही जळत नाही, कारण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात. समोरच्या पडद्यावर खपाचा आकडा शून्य दाखवत होता. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांना वाटतं आपण पेट्रोल वाचवतोय. त्यांचं इंजिन तेवढा वेळ चालू राहण्यापुरतं जाळत असतं, शिवाय गाडीला धरायला कुणी नसतं.

हे तिला एकदम आवडलं. तिच्या मोटरही उतारावर असंच करतात, फक्त तिथे ती वीज बॅटरीत परत जाते. "इथे नुसता आवाज होतो," ती म्हणाली, पण दुसरा गिअर तिनं खालच्या बोगद्यांपर्यंत सोडला नाही.

मंगळवार : उम्ब्राइल – ऑफेन – फ्लुएला – परत

बोर्मिओहून पुन्हा वर चढून, स्टेल्व्हिओच्या माथ्याच्या अलीकडून उम्ब्राइलच्या खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरलो. २५०१ मीटर. पुढे ऑफेनची खिंड, मग फ्लुएलाची, आणि दाव्होस. एका दिवसात तीन खिंडी म्हणजे जरा अतिच. फ्लुएलापर्यंत डोंगर बघायचा कंटाळा आला होता, गिअर बदलायचा मात्र आला नाही. स्विस घाटांत निळ्या पाटीवर टपालाचं पिवळं शिंग काढलेला रस्ता असेल तिथे टपाल खात्याच्या पिवळ्या बसला मान द्यावा लागतो. ड्रायव्हर सांगेल तसं मागेही जावं लागतं. एका वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तेव्हा भाची चाकावर होती. तिनं दांडा खाली दाबून रिव्हर्स टाकला, हाफ क्लचवर वीसेक मीटर उलट्या उतारानं मागे नेऊन गाडी कडेच्या जागेत बसवली. बसच्या ड्रायव्हरनं हात केला. एक धक्का नाही, एकदाही गाडी बंद पडली नाही.

"पुढची गाडी गिअरची घेतेस मग?" मी विचारलं.

"अजिबात नाही. मला रोज ऑफिसला जायचं असतं." आणि जरा थांबून, "पण तू सुट्टीत भाड्यानं घेणार असशील तेव्हा कळव."

ऱ्हाईनच्या खोऱ्यात उतरल्यावर महामार्ग, पाचवा गिअर, आणि सांगण्यासारखं काही नाही. ब्रेगेन्झजवळ फेंडर बोगद्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली होती. डाव्या पोटरीची शुक्रवारची आठवण ताजी होती म्हणून मी मुकाट्यानं शेजारच्या सीटवर बसून राहिलो. भाची पहिल्या-दुसऱ्याची कवायत करत होती आणि गाडी सायंकाळी सहाच्या आत परत केली नाही तर आणखी एका दिवसाचं भाडं लागेल हे मला दर दहा मिनिटांनी ऐकवत होती.